तीस टक्के

रात्रपाळीला ऑफिसात मी असते आणि कॉफीचं यंत्र.
पहाटे तीनच्या आत खोऱ्याचा अंदाज टाइप करायचा:
गुरुवारी रात्री तुरळक सरी, शक्यता तीस टक्के.
शुक्रवारी ढग विरत जातील.
शनिवारपासून पारा चढता.
मंगळवारी एकशे चार.

विशेषणं जपून वापरा, असं वरिष्ठ सांगतात.
'हलका' चालतं.
हलका म्हणजे मोजपात्राच्या बुडाशी ओल,
इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले दोन-तीन.

पण याकिमा खोऱ्यात आत्ता चेरी भरलीय.

चेरीला देठाशी एक खळगी असते,
करंगळीचं टोक टेकेल एवढीच.
थेंब तिथे थांबला की साल त्याला पिऊ लागते,
पुरे म्हणणं तिला ठाऊक नाही,
टच्च होते, आणि उकलते.
उकललेलं फळ कुणी पेटीत भरत नाही.
चव तीच असते खरं तर.

आर्लीन टोर्गर्सन दरवर्षी याच आठवड्यात फोन करते.
हॅलो नाही, कशी आहेस नाही.
"पडणार की नाही?"
तीस टक्के, मी म्हणते.
"बाई गं, तीस टक्के बाग भिजते का कधी?
हेलिकॉप्टर उभं आहे माझ्या दारात.
ड्वेन ट्रकमध्ये घोरतोय, घोरण्याचेही पैसे घेतो.
त्याला ठेवू की घालवू?"
समोर सहा पडदे, सहांवर सहा वेगळे पाऊस.
मी म्हणते, मला विचारशील तर ठेव.
असं बोलायची परवानगी नाही आम्हाला.

पावणेचारला आला.
रडारवर नखाएवढा हिरवा डाग,
नाचेसवरून घरंगळत खाली उतरला
आणि वीस मिनिटांत संपला.
मग म्हणे ड्वेन उजाडेपर्यंत
झाडांच्या डोक्यावर पंखा धरून उभा होता,
ओळीमागून ओळ, परीट कपडे झटकतो तसा.
आर्लीनचा पुन्हा फोन. "वाचली. बरीचशी."
आभार मानायची तिला सवय नाही.

उन्हाबद्दल मात्र कुणी फोन करत नाही.

नेवाडाकडून एक गरम झाकण सरकत येतंय,
आठवडाभर खोऱ्यावर घट्ट बसेल.
रात्रीसुद्धा सत्तरच्या खाली उतरणार नाही.
पाऊस फळाचा असतो, त्याला मालक असतो.
ऊन शिडीवरच्या माणसाचं.
मला माहीत आहे, कारण नऊ वर्षांची होईपर्यंत
दर जूनला मी त्याच शिडीखाली वाळूत खेळले आहे,
बादलीच्या सावलीत, सावलीबरोबर सरकत.

मावशी ओतिलिया अजून तोडते. एकसष्ट पूर्ण.
माझं काम नेमकं काय, ते तिला नीट कळलेलं नाही;
भाची आभाळाच्या खात्यात आहे, असं ती सांगते.
शनिवारी रात्री तिचा आवाज आला फोनवर,
मागे कुत्रं, मागे एउसेबिओमामाचा खोकला:
"पोरी, दिवा डोक्याला बांधून तीनला सुरू करणार म्हणतात.
पण खाली कधी उतरायचं, ते कुणी बोलत नाही.
तुमच्या कागदात असतं का ते?"

नसतं, मावशी.
कागदात कमाल असते, किमान असते,
वारा वायव्येचा, ताशी पाच मैल.

त्या रात्री मी तो मजकूर तीनदा उघडला.
'दुपारी तीव्र उष्णता' असं होतं.
'दुपारी' खोडून 'सकाळी दहापासून' लिहिलं.
आकडे तपासले. खोटं नव्हतं.
नऊ लिहायचं मनात होतं,
नऊला आकड्यांची साथ मिळेना.

सोमवारी दुपारी घराच्या पायरीवर बुटाचा खोका होता,
वर ओला टॉवेल.
आत उकललेल्या चेऱ्या, ओठ फुटल्यासारख्या,
आणि त्यांत मुंग्या, माझ्या आधी पोचलेल्या.
मी उभ्याउभ्याच खात सुटले.
चिठ्ठी नव्हती. तिला लिहिता येत नाही.
दहाला उतरली का, हे विचारायला फोन लावला
तर वाजत राहिला.
झोपली असेल.
तीनला उठायचं असतं.